नाकातले गंधग्राही वास कसा टिपतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सस्तन प्राण्यांच्या नाकातले गंधग्राही वासाला कसा प्रतिसाद देतात, याबद्दल विद्यार्थी, जनावरे पाळणारे आणि आजारपणात वास गमावलेले लोक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर तिसरा प्रश्न आधी वाचा. पुढची बरीचशी उत्तरे त्यावर उभी आहेत.

१. गंधग्राही म्हणजे काय, आणि ते नाकात नेमके कुठे असतात?

नाकपुडीत बोट पोचते त्या भागात वास कळत नाही. हवा त्याहून बरीच वर, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीला पोचते, तिथे नाकाच्या छताला काही चौरस सेंटिमीटरचे पिवळसर अस्तर असते. त्यात गंधाच्या चेतापेशी दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या खालच्या टोकातून अतिशय बारीक तंतूंचा झुबका निघतो आणि श्लेष्म्याच्या ओल्या थरात पसरतो. वरच्या टोकाचा धागा कवटीच्या छिद्रे असलेल्या पातळ हाडातून थेट मेंदूच्या गंधकंदात, म्हणजे वासाची माहिती आधी पोचते त्या भागात, जातो. मेंदूशी सरळ जोडलेली आणि तरीही बाहेरच्या हवेला इतकी उघडी असलेली चेतापेशी शरीरात दुसरीकडे सापडत नाही.

गंधग्राही म्हणजे या तंतूंच्या पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, रुतलेले प्रथिन. त्याची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. ॲड्रेनॅलिन ज्यांना चिकटते ते ग्राही आणि डोळ्यातले प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन ही प्रथिनेही याच मोठ्या कुळातली.

२. वासाचा रेणू ग्राहीला चिकटल्यावर पुढे काय होते?

आधी रेणू तिथे पोचायला हवा. त्यासाठी तो हवेत उडणारा, म्हणजे लहान असावा लागतो. वास येणारे बहुतेक रेणू ३०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) आतले असतात. साखर आणि मीठ यांना वास नाही, कारण त्यांचे कण हवेत उडतच नाहीत. उडालेला रेणू श्लेष्म्यात विरघळतो आणि ग्राहीच्या खोबणीत क्षणभर बसतो.

तो बसल्याने ग्राहीचा आकार किंचित बदलतो. पटलाच्या आतल्या बाजूला जी-ओल्फ नावाचे प्रथिन असते, त्याला हा बदल जाणवतो. जी-ओल्फ पुढच्या विकराला (एन्झाइमला), म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेजला, जागे करते आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू भराभर तयार होऊ लागतो. तो पटलातल्या आयनमार्गांना, म्हणजे विद्युतभारित कण जाण्याच्या वाटांना, चिकटून ते उघडतो, आणि बाहेरचे सोडियम व कॅल्शियम आत शिरते.

इथपर्यंतची गोष्ट इतर पेशींतही थोड्याफार फरकाने दिसते. यानंतरची पायरी मात्र गंधपेशीची स्वतःची खासियत आहे. आत आलेले कॅल्शियम क्लोराइडचे मार्ग उघडते. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींत क्लोराइडचा मार्ग उघडला की क्लोराइड आत येते आणि पेशी शांत होते. गंधपेशी आधीपासून क्लोराइड साठवून बसलेली असते, त्यामुळे ते बाहेर पडते आणि पेशीची उत्तेजना आणखी वाढते. क्षीण वासालाही बऱ्यापैकी मोठा विद्युत प्रतिसाद मिळतो तो यामुळे. हा क्लोराइडमार्ग काढून टाकलेले उंदीरही बऱ्यापैकी वास घेऊ शकतात असे २०११ साली दिसले, तेव्हा त्याची भूमिका मदतनिसाची मानायला हवी. जी-ओल्फ, ॲडेनिलिल सायक्लेज-३ किंवा सायक्लिक एएमपीचा आयनमार्ग यांपैकी एखादे जनुक मोडले तर मात्र उंदराला वास जवळपास येतच नाही. मुख्य साखळी कोणती, ते या प्रयोगांनी ठरले.

‘एक रेणू नाकात गेला तरी वास येतो’ हे खरे आहे का?

नाही. विकास भांदावत आणि सहकाऱ्यांनी २००५ साली बेडकाच्या गंधपेशींवर हे मोजले. रेणू ग्राहीत बसतो तो इतका थोडा वेळ की त्यातून जी-ओल्फचा एकही रेणू जागा होईल याची शक्यता कमीच असते. पुष्कळ रेणू येत राहिले आणि पुष्कळ ग्राहींवर बसत राहिले, तरच पेशी पुरेशी हलते. प्रकाशाच्या बाबतीत डोळ्यातली पेशी एका फोटॉनलाही प्रतिसाद देते; नाकाची रचना तशी नाही.

३. प्रत्येक वासासाठी वेगळा ग्राही असतो का? गुलाबाचा एक, कांद्याचा एक?

हा गैरसमज सगळ्यात घट्ट बसलेला आहे आणि तो सुटल्याशिवाय वासाचे विज्ञान समजत नाही.

माणसात काम करणारे गंधग्राही साधारण ४०० प्रकारचे आहेत. वास त्याहून कितीतरी जास्त ओळखता येतात. हे जमते, कारण एक ग्राही अनेक वेगवेगळ्या रेणूंना कमीअधिक प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक जागवतो. बेट्टिना माल्निक, जुन्झो हिरोनो, ताकाआकी साटो आणि लिंडा बक यांनी १९९९ साली उंदराच्या एकेका गंधपेशीवर हे दाखवले. रेणूतली कार्बनची साखळी एका कार्बनने वाढवली, किंवा टोकाला आम्लाऐवजी अल्कोहोलचा गट बसवला, की जागणाऱ्या ग्राहींचा संच बदलत होता. काही ग्राही तेच राहत, काही गळत, काही नवे येत.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगणात ठिपके तेच असतात. कोणते जोडले त्यावर कमळ होते की कासव. एकट्या ठिपक्यावरून काहीच सांगता येत नाही. ४०० ठिपक्यांतून किती आकृत्या निघतील याचा हिशेब करू गेले तर संख्या प्रचंड येते. त्यातल्या किती वासांमधला फरक माणूस खरोखर ओळखतो, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २०१४ साली ‘एक लाख कोटी’ हा आकडा गाजला होता. पुढच्याच वर्षी त्यामागच्या गणितावर गंभीर आक्षेप आले. तो आकडा अजूनही पाठ्यसाहित्यात फिरतो. तो वापरू नये असे माझे मत आहे.

म्हणून ‘हा ग्राही कोणता वास ओळखतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते ग्राही एकत्र जागले आणि प्रत्येक किती जागला, हे विचारायला हवे.

४. जागलेल्या ग्राहींची ही नक्षी मेंदूपर्यंत जाताना विस्कटत नाही का?

न विस्कटण्याची व्यवस्था आहे आणि ती फार देखणी आहे. प्रत्येक गंधपेशी सामान्यतः एकाच प्रकारचा ग्राही बनवते. तोच ग्राही असलेल्या हजारो पेशी अस्तरात इकडेतिकडे विखुरलेल्या असतात, पण त्यांचे धागे गंधकंदात जाऊन एकाच ठरावीक गाठीत मिळतात. या गाठीला ग्लोमेरुलस म्हणतात. उंदराच्या प्रत्येक गंधकंदात एका ग्राहीच्या वाट्याला साधारण दोन अशा गाठी येतात. विखुरलेल्या पेशींची माहिती अशी जागेवर येऊन जमा होते आणि मेंदूला ‘कोणता ग्राही, किती’ हे वाचता येते.

५. एका पेशीने शेकडो जनुकांतून एकच निवडायचे, हे ठरते कसे?

सुरुवातीला गंधग्राहींची सगळीच जनुके गुणसूत्रांवर घट्ट गुंडाळून बंद ठेवलेली असतात. त्यातले एक उघडते, आणि तेही आईकडून आलेल्या किंवा वडिलांकडून आलेल्या एकाच प्रतीवरचे. त्या जनुकापासून प्रथिन तयार होऊ लागले की पेशीत उलट संदेश जातो आणि बाकीची जनुके उघडण्याचे दार बंद होते. निवडलेले जनुक मोडके निघाले, त्यातून प्रथिनच झाले नाही, तर हा संदेश जात नाही आणि पेशी दुसरे जनुक निवडते.

६. गंधग्राही शोधले कोणी?

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. त्यांचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि २००४ साली दोघांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. शोधाची युक्ती सांगण्यासारखी आहे. बक यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या: ग्राही सात वेळा पटल ओलांडणाऱ्या कुळातले असतील, ते एकमेकांसारखे पण एकसारखे नसतील, आणि ते फक्त गंधाच्या अस्तरात असतील. या तिन्ही चाळण्यांतून जे उरेल ते शोधायचे. प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, म्हणजे उंदीरवर्गातल्या घुशीसारख्या मोठ्या प्राण्यात, त्यांना १८ जनुके मिळाली, आणि ती एका अवाढव्य कुटुंबाची पहिली ओळख ठरली. सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचातले हे सगळ्यात मोठे जनुककुटुंब आहे. माणसात या कुटुंबातली जनुके २० वे गुणसूत्र आणि वाय सोडून बाकी सर्व गुणसूत्रांवर पसरलेली आहेत.

ही प्रथिने खरोखरच वासाला प्रतिसाद देतात याचा थेट पुरावा मिळायला मात्र १९९८ उजाडले. रॅटच्या आय७ या ग्राहीचे जनुक विषाणूच्या मदतीने त्याच्याच नाकातल्या पुष्कळ पेशींत घातल्यावर ऑक्टॅनल या रेणूला मिळणारा प्रतिसाद स्पष्ट वाढला. इतका उशीर झाला, कारण हे ग्राही प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींत बनवले तर ते पृष्ठभागावर येत नाहीत, आतच अडकतात. त्यांना वर आणणारी मदतनीस प्रथिने हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने २००४ साली शोधली, आणि मग कामाला वेग आला.

७. ग्राही रेणूत काय ओळखतो? आकार, की रेणूची कंपने?

पुराव्याचा कल स्पष्टपणे आकार आणि रासायनिक जुळणीकडे आहे. कार्व्होनचे उदाहरण घ्या. या रेणूची दोन रूपे आहेत, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली. अणू तेच आणि जोडणीही तीच. एकाला पुदिन्याचा वास येतो. दुसरे बाळंतशोपेत आणि युरोपात पावात घालतात त्या कॅरवेच्या दाण्यांत असते, आणि त्याचा वास अगदी निराळा. ग्राहीची खोबणी स्वतः डावी-उजवी असल्याशिवाय हा फरक कळू शकत नाही.

कंपनांचा सिद्धांत लुका ट्युरिन यांनी १९९६ साली नव्याने मांडला आणि तो लोकप्रिय झाला. हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला की रेणूचा आकार तोच राहतो पण कंपने बदलतात. सिद्धांत खरा असेल तर ग्राहीला फरक कळायला हवा. २०१५ साली एरिक ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी कस्तुरीगंध ओळखणाऱ्या माणसाच्या ओआर५एएन१ या आणि इतर ग्राहींवर हे तपासले. ग्राहींनी दोन्ही रेणूंना सारखाच प्रतिसाद दिला.

२०२३ साली माणसाच्या एका गंधग्राहीचे, ओआर५१ई२ चे, वासाच्या रेणूसकट चित्र अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळाले. त्यात प्रोपिओनेट हा चीजच्या वासाचा लहान रेणू छोट्याशा खोबणीत दिसतो आणि त्याचे आम्लाचे टोक ग्राहीतल्या आर्जिनीन या अमिनो आम्लाला धरून असते. खोबणी रुंद केली की हाच ग्राही लांब साखळीच्या आम्लांनाही प्रतिसाद देऊ लागतो. १९९१ पासून ज्याची वाट पाहत होते ते चित्र ३२ वर्षांनी मिळाले.

८. एकच पदार्थ थोडा असला तर सुगंध आणि जास्त झाला तर दुर्गंध, असे का?

कारण मात्रा वाढली की नक्षी बदलते. थोड्या मात्रेत फक्त अतिसंवेदनशील ग्राही जागतात. मात्रा वाढल्यावर त्या रेणूशी सैल जुळणारे ग्राहीही सामील होतात. इंडोल हे याचे उत्तम उदाहरण. मोगऱ्याच्या आणि जाईच्या वासाला जो भारदस्तपणा असतो त्यात इंडोलचा वाटा आहे, आणि तेच इंडोल विष्ठेतही असते. बंद खोलीत मोगऱ्याचे गजरे जास्त झाले की काहींना घुसमटल्यासारखे होते. त्यामागे तीव्रतेचा हा भाग असू शकतो.

९. दोन वास एकत्र आले की त्यांची बेरीज होते का?

क्वचितच. एखादा रेणू ग्राहीच्या खोबणीत बसतो पण त्याला जागवत नाही. उलट दुसऱ्या रेणूची जागा अडवतो. काही रेणू दुसऱ्याचा परिणाम वाढवतातही. २०२० साली स्टुअर्ट फायरस्टीन यांच्या गटाने उंदराच्या हजारो गंधपेशी एकाच वेळी पाहिल्या आणि अशी अडवणूक व वाढ दोन्ही मोठ्या प्रमाणावर होते हे दाखवले. मेंदूपर्यंत जाण्याआधीच, ग्राहीच्या पातळीवर, मिश्रणाचा वास घडतो. फोडणीचा वास मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि तापलेले तेल असा सुटा सुटा न येता एक होऊन येतो, त्याची सुरुवात इथे आहे.

१०. वाघाच्या वासाला बासमतीचा वास म्हणतात, हे खरे की दंतकथा?

खरे आहे. वाघ झाडावर मागे फवारा मारून हद्द आखतो त्या द्रवात २-ॲसिटिल-१-पायरोलीन नावाचा रेणू असतो. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९० साली जाहीर केले. बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचा भात शिजताना दरवळतो तो मुख्यतः याच रेणूमुळे. पॅन्डनच्या लांब पानात तो असतो, म्हणून साध्या तांदळात ते पान टाकले की भात सुवासिक होतो. सुवासिक तांदळात बीएडीएच२ हे जनुक मोडलेले असते, आणि ते मोडल्यामुळेच हा रेणू साठतो. आग्नेय आशियातल्या बिंटुराँग या प्राण्याच्या मुत्रालाही त्याच कारणाने लाह्यांसारखा वास येतो.

ग्राहीला रेणू कुठून आला याच्याशी काही देणेघेणे नाही. तांदळातून आलेला आणि वाघातून आलेला तोच रेणू तीच खोबणी भरतो. जंगलातला माग आणि स्वयंपाकघरातला भात यांतला फरक सोबतच्या इतर रेणूंतून आणि अनुभवातून ठरतो.

११. थोड्या वेळाने वास येईनासा का होतो?

पेशीत शिरलेले कॅल्शियम दोन कामे करते. प्रतिसाद वाढवते, आणि थोड्याच वेळात तो आवरतेही: कॅलमोड्युलिन या प्रथिनाला धरून ते आयनमार्गांची संवेदनशीलता कमी करते. दुसरीकडे सायक्लिक एएमपी मोडणारी विकरे कामाला लागतात. त्यावर मेंदूही न बदलणाऱ्या वासाकडे लक्ष देणे सोडतो. प्राण्याला याचा फायदा असा की सततचा वास मागे पडतो आणि नवा वास उठून दिसतो.

याची धोक्याची बाजू नीट समजून घ्या. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. असे गंधकयुक्त रेणू माणसाला अत्यंत कमी मात्रेत कळतात. ओआर२टी११ हा ग्राही त्यांना प्रतिसाद देतो आणि तांब्याचे आयन असतील तर कितीतरी जास्त देतो. पण घरात बसल्या बसल्या गळती हळूहळू वाढली तर नाक सरावते. बाहेरून आलेल्या माणसाने ‘गॅसचा वास येतोय’ म्हटले तर त्याचेच ऐका.

हायड्रोजन सल्फाइडचे प्रकरण याहून भयंकर आहे. कुजक्या अंड्याचा हा वास अगदी थोड्या मात्रेत येतो, पण हवेत साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) वर गेला की नाकच बधिर होते. गटारात, सेप्टिक टाकीत उतरणाऱ्याला वाटते वायू निघून गेला, आणि तेव्हाच तो प्राणघातक पातळीकडे जात असतो. अशा ठिकाणी नाकाच्या भरवशावर कोणालाही उतरवू नये. वायुमापक यंत्र हवेच.

१२. कुत्र्याचे नाक माणसापेक्षा चांगले, कारण त्याच्याकडे ग्राही जास्त असतात ना?

अंशतः. काम करणाऱ्या गंधग्राही जनुकांची संख्या कुत्र्यात सुमारे ८००, उंदरात सुमारे ११००, गायीत त्याहून थोडी जास्त आणि आफ्रिकी हत्तीत जवळजवळ २००० आहे. म्हणजे जनुकांच्या मोजणीत गाय कुत्र्याच्या पुढे आहे, तरी बॉम्ब शोधायला आपण गाय नेत नाही. डॉल्फिनसारख्या दात असलेल्या देवमाशांत ही जनुके बहुतेक मोडून पडली आहेत आणि गंधकंदही उरलेला नाही.

कुत्र्याची ताकद आणखी गोष्टींत आहे. त्याचे गंधाचे अस्तर खूप मोठे असते. तो सेकंदाला अनेकदा हुंगतो, श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर टाकतो, आणि नाकाच्या मागच्या कोनाड्यात वासाची हवा अडकून राहते, त्यामुळे ग्राहींना रेणू पकडायला वेळ मिळतो. शिवाय तो शिकवला जातो आणि त्याला माणसासोबत काम करायला आवडते.

माणसाचे नाक अगदी टाकाऊ आहे हा समज १९ व्या शतकातल्या पॉल ब्रोका यांच्या लिखाणापासून चालत आला. जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली त्याचा सविस्तर समाचार घेतला. काही रेणूंच्या बाबतीत माणूस उंदराहून, क्वचित कुत्र्याहूनही कमी मात्रा ओळखतो. कोणत्या रेणूबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय ‘कोणाचे नाक तीक्ष्ण’ याला अर्थ नाही.

१३. पहिल्या पावसाचा वास इतका लगेच का कळतो?

मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू जिओस्मिन नावाचा रेणू बनवतात. पावसाचे थेंब आपटले की तो बारीक तुषारांबरोबर उडतो. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाला कळतो. माणसात याला प्रतिसाद देणारा ग्राही ओआर११ए१ असल्याचे अलीकडे जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले. वाळवंटातल्या कांगारू रॅटमधला त्याचाच भाऊबंद जिओस्मिनला माणसापेक्षा कितीतरी पट संवेदनशील निघाला, आणि पाणी दुर्मीळ असलेल्या प्राण्यात असे असणे समजण्यासारखे आहे. कनौजला मातीचे अत्तर काढतात त्यातही हाच सुगंध पकडलेला असतो. नळाच्या पाण्याला कधी मातकट वास येतो, तोही याचाच.

१४. एकच वास एकाला आवडतो, दुसऱ्याला येतच नाही. हे मनाचे खेळ आहेत का?

सवयीचा आणि संस्काराचा भाग आहेच, पण जनुकांचाही आहे. दोन माणसांच्या ४०० ग्राहींतले बरेच ग्राही थोडे वेगळे असतात. ॲन्ड्रोस्टेनोन हा डुकराच्या नराच्या लाळेतला रेणू काहींना लघवीसारखा उग्र, काहींना गोडसर लागतो, काहींना कळतही नाही. २००७ साली दिसले की ओआर७डी४ या ग्राहीतली दोन अमिनो आम्ले बदलली की हा फरक पडतो. कोथिंबीर साबणासारखी लागणाऱ्यांमध्ये ओआर६ए२ च्या जवळचा एक जनुकीय बदल जरा जास्त आढळतो. २०१२ च्या त्या अभ्यासात २५ हजारांहून अधिक लोक होते. पण परिणाम छोटा आहे. ‘कोथिंबिरीचे जनुक’ म्हणून ते रंगवून सांगितले जाते, तितके ते निर्णायक नाही. बीटा-आयोनोन या फुलांच्या वासाच्या रेणूबाबत मात्र ओआर५ए१ मधला एकच बदल बराचसा फरक ठरवतो.

तेव्हा जेवताना कोणी ‘मला हा वास सहन होत नाही’ म्हणाले तर त्याला नखरेबाज ठरवू नका. त्याच्या नाकात खरोखर वेगळी नक्षी उमटत असेल.

१५. म्हशीचे मूत हुंगून रेडा मान वर करून ओठ का मुडपतो?

म्हैस माजावर आहे का, हे तो तपासत असतो. अनेक सस्तन प्राण्यांत नाकाच्या तळाशी वासाचे दुसरे इंद्रिय असते, त्याला व्होमेरोनेझल इंद्रिय म्हणतात. मुत्रातले जड, फारसे न उडणारे रेणू तिथे पोचवायला ओठ मुडपणे उपयोगी पडते. बैल, घोडा, बोकड, वाघ, सगळे हे करतात. या इंद्रियातले ग्राही वेगळ्या दोन कुटुंबांतले आहेत. माणसात त्याच्या संकेतसाखळीचे एक मुख्य जनुक मोडलेले आहे, त्यामुळे ‘मानवी फेरोमोन’ (जोडीदाराला संकेत देणारा रेणू) म्हणून विकल्या जाणाऱ्या अत्तरांच्या दाव्यांवर विश्वास ठेवू नये.

आशियाई हत्तीण माजावर आली की तिच्या मुत्रात एक विशिष्ट ॲसिटेट रेणू उतरतो. १९९६ साली बेट्स रासमुसेन यांनी दाखवले की तोच रेणू शंभराहून अधिक जातींच्या पतंगांमध्ये माद्या नरांना बोलवायला वापरतात.

१६. मांजर कधी न पाहिलेला उंदीरही तिच्या वासाला घाबरतो. तो शिकला कुठे?

शिकावे लागत नाही. नाकात टीएएआर नावाचे आणखी एक छोटे ग्राहीकुटुंब आहे, ते नाकात वास टिपते हे २००६ साली स्टीफन लिबरलेस आणि लिंडा बक यांनी दाखवले. हे ग्राही अमाइन गटाचे रेणू टिपतात. त्यातला टीएएआर४ मांसाहारी प्राण्यांच्या मुत्रात भरपूर असणाऱ्या फेनिलएथिलअमाइनला प्रतिसाद देतो आणि उंदीर त्या वासापासून लांब सरतो. यातला टीएएआर५ सडक्या मासळीच्या ट्रायमेथिलअमाइनला जागतो.

१७. बाम, मिरचीचा ठसका, अमोनिया: हे वासच ना?

नाही, निदान सगळा भाग नाही. मेंथॉलचा गारवा, मिरचीची जळजळ आणि अमोनियाचा झणका हे चेहऱ्याचा स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेच्या टोकांना कळतात. म्हणून वास गेलेल्या माणसालाही ते जाणवतात.

१८. डासांचे आणि माश्यांचे ग्राहीही असेच असतात का?

नाहीत. कीटकांचे गंधग्राही स्वतःच आयनमार्ग असतात. रेणू बसला की थेट उघडतात. वास घेण्याची गरज सारखीच, पण दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे भागवली गेली.

१९. गंधग्राही नाकाबाहेरही असतात म्हणे?

असतात. उंदराच्या मूत्रपिंडातला ओएलएफआर७८ हा ग्राही आतड्यातल्या जीवाणूंनी बनवलेल्या लहान आम्लांना प्रतिसाद देतो आणि रक्तदाबाच्या नियंत्रणात भाग घेतो. माणसाच्या शुक्रपेशींत ओआर१डी२ आढळतो. मात्र अशा ठिकाणी ‘वास’ येत नाही. ग्राही रासायनिक संकेत टिपतो इतकेच. वास मेंदूत घडतो.

२०. कोविडमध्ये वास का गेला? ग्राही मेले का?

विषाणूला आत शिरायला लागणारे एसीई२ प्रथिन गंधपेशींवर जवळपास नसते. ते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते. २०२० साली संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने हे दाखवले. आधारपेशी बिघडल्या की अस्तराची घडी विस्कटते. त्यातून होणाऱ्या दाहामुळे गंधपेशी जिवंत असूनही ग्राहींची जनुके बंद करून घेतात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणून अनेकांचा वास काही आठवड्यांत परत आला, आणि अस्तराचे जास्त नुकसान झालेल्यांना महिने लागले.

परत येताना चहाला जळका, कांद्याला कुजका वास येणे हेही अनेकांनी भोगले. सगळे ग्राही एकदम कामाला लागत नाहीत. अर्धवट नक्षी उमटते आणि मेंदूला ती परकी, बहुधा घाणेरडी वाटते. हा त्रास खरा असतो. घरच्यांनी ‘काही नाही होत, खा’ म्हणून तो झटकू नये.

२१. गेलेला वास परत आणायला काय करता येते?

गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळपेशींतून काही आठवड्यांत नवी पेशी घडते, ग्राही निवडते आणि आपला धागा गंधकंदातल्या योग्य गाठीकडे पाठवते. याच क्षमतेवर वासाचा सराव ही पद्धत उभी आहे. ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तिची चाचणी घेतली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सराव करणाऱ्यांमध्ये न करणाऱ्यांपेक्षा सुधारणा जास्त दिसली.

घरी करायचे तर चार लहान बाटल्या पुरतात. प्रत्येक बाटली काही सेकंद हलकेच हुंगायची, जोरात ओढायची नाही, आणि त्या वेळी त्या पदार्थाचा वास आठवायचा. मध्ये थोडे थांबायचे. पहिले काही आठवडे काहीच कळले नाही तरी सोडू नये. निलगिरीचे तेल कापसावर थेंबभरच घ्या, आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेले तर ते विषारी आहे.

एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, डोक्याला मार लागल्यानंतर गेला असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा कोणत्याही सर्दी-तापाशिवाय वास कमी होत चालला असेल, तर सराव करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वास येत नाही तोवर घरात गॅस आणि धुराचा अलार्म बसवा, आणि शिळे अन्न खायचे की टाकायचे हे नाकावर न सोपवता डब्यावर तारीख लिहून ठरवा.